वाचले, दुरुस्त केले

वेलांटीबुवा तीस वर्षं एका दैनिकाच्या कचेरीत नोकरीला होते आणि तीस वर्षांत त्यांनी एकदाही वर्तमानपत्र वाचलं नव्हतं. हे ऐकलं की माणसं हसतात. आचाऱ्याला स्वतःच्या हातचं जेवण जात नाही, तसलं काही असेल असं त्यांना वाटतं. तसलं काही नव्हतं. बुवा मुद्रितशोधक होते. पान छापायला जाण्याआधी त्यांच्या टेबलावर यायचं, ते त्यातल्या चुका काढायचे आणि खाली तांबड्या पेनाने ‘वाचले, दुरुस्त केले’ असं लिहून सही ठोकायचे. दिवसाला दहा-बारा वेळा ‘वाचले’ लिहिणारा हा माणूस वाचत मात्र नसे. तो अक्षरं बघत असे.

ही सवय त्यांना लावली गेली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बातमी आली, तलावात बुडालेल्या तीन भावंडांची. बुवा तेव्हा तरुण होते, बातमी वाचता वाचता डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी त्यांनी पान सोडलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळ्याच्या वर तारीख होती गेल्या वर्षाची. गावभर हसं झालं. संपादकांनी बोलावून विचारलं, “तुम्हाला इथं रडायला ठेवलंय की अक्षरं बघायला?” मग खात्यातल्या म्हाताऱ्या शोधकाने त्यांना बाजूला घेतलं आणि गुरुमंत्र दिला. पान उलटं वाचायचं. शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची आणि एकेक शब्द मागे सरकत पहिल्यापर्यंत यायचं. म्हणजे अर्थ लागत नाही. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो, डोळा पळाला की चूक निसटते.

बुवांनी हा मंत्र असा काही घोटला की त्या खात्यात त्यांच्यासारखा दुसरा झाला नाही. ओळीवर फूटपट्टी ठेवायची, उजवीकडून डावीकडे सरकायचं, ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, अनुस्वार, एकही सुटायचा नाही. ‘ध’चा ‘मा’ व्हायची कुणाची टाप नव्हती. खोलीत फोन वाजला की नजर हलते, म्हणून त्यांनीच अर्ज करून खोलीतला फोन काढायला लावला होता. स्वतःचा मोबाइलही कामावर आल्याबरोबर बंद करून ड्रॉवरमध्ये जाई. लग्न केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणजे जमलं नव्हतं. स्थळांची पत्रं आली की बुवा आधी शुद्धलेखन बघायचे, आणि मुलीच्या वडिलांना चुकांची यादी कळवायचे. अशा माणसाला कोण मुलगी देणार!

त्यांना जवळचं असं माणूस एकच. ताई. त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई सदा आजारी, तेव्हा या धाकट्याला न्हाऊमाखू घालण्यापासून अक्षर गिरवून घेण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. वेलांटी तिनेच शिकवली. त्यांच्या तळहातावर बोटाने काढून दाखवायची, पहिली डावीकडून, दुसरी उजवीकडून. तिच्या स्वतःच्या नावात पहिल्याच अक्षराला दुसरी वेलांटी होती आणि अख्खं जग तिथे पहिली देत असे. शाळेच्या दाखल्यात, लग्नाच्या पत्रिकेत, विजेच्या बिलावर, जिथे तिथे पहिली. ताई म्हणायची, “जाऊ दे रे, तू तरी बरोबर देतोस ना.” आणि धाकटा कुणाच्याही घरी, कुठल्याही कागदावर तिचं नाव चुकलेलं दिसलं की पेन काढून ते दुरुस्त करायचा. कुटुंबात ही थट्टाच होऊन बसली होती. ताई लाडाने म्हणायची, “हा सगळ्या घरातलं कुसळ न् कुसळ वेचेल, आणि मुसळ केरात टाकेल.”

ताई तीन तासांच्या अंतरावर, दुसऱ्या गावात मुलाकडे राहायची. दोन महिन्यांपूर्वी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी संध्याकाळी भाच्याचा फोन आला, आवाज आनंदाने फाटलेला.

“मामा, आई वाचली!”

“काय वाचली?” बुवांनी विचारलं.

पलीकडे भाचा हसला, हसता हसता त्याला हुंदका आला. “अरे जगली रे मामा, जगली!”

पण ते जगणं फार लांबणार नव्हतं. महिन्याभराने डॉक्टरांनी हात टेकले, आणि भाच्याने ते मामाला आडपडदा न ठेवता सांगितलं. “थोडे दिवस उरलेत. येऊन जा. ती सारखी दाराकडे बघते.” बुवा म्हणाले, येतो. आणि खरंच यायचं होतं त्यांना. पण दैनिकाच्या वर्धापनदिनाची चौसष्ट पानांची पुरवणी निघायची होती. हाताखालचे दोघे शोधक नवे, एकाला ‘कि’ आणि ‘की’ यांत फरक कळेना. या रविवारी जावं तर जाहिरातींची पानं आली, पुढच्या रविवारी जावं तर मुखपृष्ठ बदललं. ताई एकदा स्वतःच फोनवर आली. आवाज बारीक झाला होता.

“धाकट्या, तू ये. मला पेपर वाचून दाखव. सुलटा हं.”

“येतो ना. पुरवणी हातावेगळी झाली की पहिल्या गाडीने.”

“किती पानं राहिली?”

“बावीस.”

“हळूहळू कर,” ताई म्हणाली. “घाई केलीस की चुका होतील.”

पुरवणी गुरुवारी छापायला जायची होती. शुक्रवारी पहाटेची गाडी. बुवांनी बॅग भरून दाराशी ठेवली, ती आठवडाभर तिथेच होती. रोज कामावर जाताना ते तिला वळसा घालून बाहेर पडत.

मंगळवारी दुपारी चार वाजता पानं जुळवणाऱ्या ऑपरेटरबाई निधनवार्तांचं पान घेऊन आल्या. हे पान रोज साडेचारला सुटायचं. त्या दिवशी सोळा वार्ता होत्या.

“बुवा, जरा लवकर. पुरवणीची पानं खोळंबलीत,” बाई म्हणाल्या.

“घाई करून चुका सोडू का?”

“मी काही बोलले का? तुमचं चालू द्या.” बाई हसून गेल्या.

आता इथे सांगूनच टाकतो, लपवण्यात काही राम नाही. त्या सोळांत अकरावी वार्ता ताईची होती. ती त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता गेली होती.

बुवांनी फूटपट्टी ठेवली आणि खालून सुरुवात केली. आहे. परिवार. असा. भाऊ. ‘भाऊ’मधला ऊ दीर्घ, बरोबर. नात. सून. मुलगा. पश्चात. त्यांच्या. वाजता, दहा, सकाळी, बुधवारी. अंत्यविधी, धी दीर्घ, बरोबर. आजाराने. ‘निधन’वर अनुस्वार पडला होता, तो उडवला. ‘कुटूंबीय’मधला टू ऱ्हस्व केला. मग गावाचं नाव, वय, आडनाव. मग नाव. पहिल्या अक्षराला पहिली वेलांटी दिली होती, ती चूक. बुवांचा पेन तिथे थांबला, त्यांनी ती वेलांटी खोडली, समासात सुबक दुसरी वेलांटी काढली आणि तिच्याभोवती गोल केला. हात सवयीने चालला. मग ते दहाव्या वार्तेकडे सरकले.

चार पंचवीसला पानाखाली ‘वाचले, दुरुस्त केले’ लिहून त्यांनी सही केली. अकरा चुका निघाल्या होत्या. चांगलं पान होतं.

त्या संध्याकाळी ते पुरवणीचं एक पान बगलेत मारून घरी आले, मोबाइल ड्रॉवरमध्येच राहिला. तो बऱ्याचदा राहायचा, बुवांना फोन करणारं तरी कोण होतं? त्यांनी खिचडी टाकली, खाल्ली, पान तपासलं आणि झोपले. झोप छान लागली. ही गोष्ट त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिली, की झोप छान लागली होती.

बुधवारी सकाळी नऊला खालच्या मजल्यावरचे म्हातारे शिंपी जिना चढून वर आले. हातात पेपर, धाप लागलेली. दार उघडलं तर बुवा तोंडाला साबण लावून उभे.

“तुम्ही इथं कसे?” शिंपी म्हणाले.

“का? कुठं असायला हवं?”

शिंप्यांनी पेपर पुढे केला. बोट अकराव्या वार्तेवर होतं. बुवांनी बघितलं. आणि खरं सांगायचं तर, त्यांना पहिल्यांदा दिसली ती वेलांटी. दुसरी, जागच्या जागी, सुबक. दुरुस्ती नीट लागली होती. मग, तीस वर्षांत पहिल्यांदा, डोळा डावीकडून उजवीकडे गेला आणि अर्थ लागला.

“फोन लावा, माझ्यावरून लावा,” शिंपी खिसा चाचपत म्हणाले.

भाच्याचा नंबर बुवांना पाठ नव्हता. हजारो शब्दांचं शुद्धलेखन पाठ होतं. नंबर ड्रॉवरमधल्या मोबाइलमध्ये होता आणि कचेरी अकराला उघडायची.

“बसा जरा, पाणी देऊ का?”

“नको,” बुवा म्हणाले. “साबण धुतो.” त्यांनी साबण धुतला, बॅग उचलली आणि साडेनऊची गाडी पकडली.

गाडीत त्यांना रडू आलं नाही. काहीच आलं नाही. बसल्या जागी सगळं अंग बधिर झाल्यासारखं होतं, दाढ काढताना दिलेलं इंजेक्शन नुसत्या जबड्यात न थांबता सगळीकडे उतरावं तसं. खिडकीतून पाट्या जात होत्या आणि ते त्या बघत होते. ‘स्वछ’ला च् नाही. ‘प्रवेश निषिध्द’ला ध आणि द उलटे. थांब्यावरच्या फळ्यावर ‘चौकशि’. त्यांनी मनातल्या मनात तिथे दुसरी वेलांटी दिली. ताई गेली, असं त्यांनी एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. दोन शब्द, दोन्ही दीर्घ, दोन्ही बरोबर. त्यापलीकडे काही लागेना. पुन्हा म्हणून बघितलं. मग ते म्हणायचं थांबले, कारण शेजारची बाई बघायला लागली होती.

पोचायला साडेबारा झाले. सगळं आटोपलं होतं. अंगणात खुर्च्या एकावर एक रचून ठेवत होते, दाराशी चपला उरल्या होत्या थोड्या. भाचा पायरीवर बसला होता, केस ओले, डोळे सुजलेले. पंचेचाळिशीचा माणूस, पण मामाला बघून उठला तो लहानपणी उठायचा तसाच, पटकन. मग जागीच थांबला.

“आलास,” तो म्हणाला.

“आत्ता कळलं. नऊला. शेजाऱ्यांनी सांगितलं.”

भाचा त्यांच्याकडे बघत राहिला. रागाने नाही. हिशोब जुळत नसलेल्या माणसासारखा.

“नऊला कसं? मामा, तू काल दुरुस्त केलंस ना ते?”

बुवांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली.

“काल सतरा वेळा फोन लावला तुला. बंद. कचेरीचा नंबर जाहिरातवाल्यांनी अडवलेला, लागेचना. मग मी विचार केला, वार्ता इथल्या वार्ताहराकडे देतोच आहे, पान तर तुझ्याच हाताखालून जाणार. पण तू कसा बघतोस ते मला माहीत नाही का? आई सांगायची ना, त्याला चूक दाखवा, तरच त्याला दिसतं. म्हणून मी आईच्या नावात मुद्दाम पहिली वेलांटी दिली. म्हटलं, तिथे तरी मामा थांबेल. आईची वेलांटी मामाच्या हातून सुटणार नाही.”

“सुटली नाही,” बुवा म्हणाले.

“तेच तर! सकाळी सहाला पेपर आला. मी पहिल्यांदा नाव बघितलं. बरोबर होतं. मी सगळ्यांना सांगितलं, मामाने वाचलंय, मामा येतोय. दहाची वेळ होती. साडेअकरापर्यंत थांबवून धरलं मी सगळ्यांना. म्हातारी माणसं उन्हात उभी होती.” त्याचा आवाज फाटला. “तू वाचलंस, आणि आला नाहीस, असं वाटलं मला.”

“मी वाचलं नाही रे.”

“दुरुस्त केलंस, आणि वाचलं नाहीस?”

“उलटं बघतो आम्ही. अर्थ लागू नये म्हणून.”

“म्हणजे तुला दिसलं नाही.”

“दिसलं,” बुवा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. “अक्षर न् अक्षर दिसलं. ‘भाऊ’ असंसुद्धा होतं त्यात. तेही बघितलं. बरोबर होतं.”

दुसरा कुणी असता तर ओरडला असता, निदान तोंड फिरवलं असतं, आणि बुवांना ते सोपं गेलं असतं. भाच्याने मामाच्या हातातली बॅग घेतली. “आत ये,” तो म्हणाला. “दोन घास खाऊन घे.”

ताईची खोली दाराजवळच होती. पलंग आवरलेला, उशीला नवा अभ्रा. भाचेसून उशाकडची वर्तमानपत्रं गोळा करत होती. मामांना बघून तिने डोक्यावर पदर घेतल्यासारखं काहीतरी केलं आणि गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

“हे तुम्ही बघा मामा. मी टाकणार नव्हतेच.”

महिन्याभराचे अंक होते. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, थरथरत्या हाताने दोन शब्द लिहिलेले. चूक नाही. चूक नाही. चूक नाही. बुवांनी एकेक उचलून बाजूला ठेवला.

“रोज सकाळी पेपर मागायच्या,” भाचेसून सांगायला लागली. “भिंग घेऊन दोन-दोन तास बघायच्या. मी म्हणायची, आई, डोळ्यांना ताण कशाला? तर म्हणायच्या, तो जागेवर असला की चूक सापडत नाही. ज्या दिवशी चूक सापडेल त्या दिवशी समजायचं, तो जागेवर नाही. म्हणजे माझ्याकडे यायला निघाला.”

खिडकीबाहेर कुणीतरी खुर्च्या टेम्पोत चढवत होतं. बुवा अंक उचलत होते. आठवडा, दोन आठवडे, तीन. चूक नाही. ते डोळ्यांत तेल घालून बसले होते तिथे, आणि ताई इथे. सगळ्यात खाली सोमवारचा अंक होता. त्याच्या कोपऱ्यात वेगळं लिहिलं होतं. ‘एक!’

“परवा सापडली की,” भाचा दारातून म्हणाला. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता. “परवा दुपारी काय खूश झाली माहितीये! मला हाक मारली, म्हणाली, बघ, सापडली. आता येईल तो. हिला नवा अभ्रा घालायला लावला. दार लोटू दिलं नाही कुणाला. काल गेली तेव्हाही दाराकडेच तोंड होतं. पण चेहरा असा… त्रासलेला नव्हता. वाट बघून कंटाळलेला नव्हता.”

तिसऱ्या पानावर एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला होता. बुवांनी अंक खिडकीकडे धरला. शहराच्या पाणीपुरवठ्याची बातमी होती. कागदाची घडी नेमकी ‘णी’वरून गेली होती, तिथली शाई उडाली होती, आणि मंद डोळ्यांना तिथे ‘पाणपुरवठ्यात’ दिसलं असतं. बुवांनी बोटाने घडी सरळ केली. वेलांटी होती. दुसरी, जागच्या जागी. हे पान त्यांना आठवत होतं, त्याच्यावर त्यांचीच सही होती. शब्द बरोबर होता. त्या दिवशीही ते जागेवरच होते.

“मी काही बघितलं नाही ते,” भाचा म्हणाला. “मला काय कळतंय त्यातलं! चूक होती ना मामा?”

बुवांचं तोंड उघडलं. तीस वर्षांच्या सवयीने उत्तर जिभेवर आलं होतं. त्यांनी भाच्याकडे बघितलं, त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, हातातल्या पेल्याकडे, मागच्या पलंगावरच्या नव्या अभ्र्याकडे. मग त्यांनी अंकाची घडी जशी होती तशी पुन्हा घातली, नखाने दाबून.

“होती,” ते म्हणाले. “माझ्या नजरेतून सुटली.”